साडीच्या खोक्यावरचं वेळापत्रक

हिच्या मामांइतका दुसऱ्याचा वेळ खाणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि या खाण्यातला पहिला घास मी माझ्या हाताने भरवला, हे आधीच कबूल केलेलं बरं. मामा सुरतेत पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये चौतीस वर्षं टाइमकीपर होते. निवृत्तीचा समारंभ झाला, हार झाले, श्रीखंडाच्या वाट्या फिरल्या, आणि शेजारी बसलोच आहोत तर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "मग मामा, आता वेळ कसा घालवणार?" हा प्रश्न टाइमकीपरला विचारणं म्हणजे हलवायाला 'साखर कुठे सांडू' म्हणून विचारणं. मामांनी वाटी खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वेळ घालवायचा नसतो, जावईबापू. लावायचा असतो. तुमची बुधवारची संध्याकाळ मोकळी असते ना? सहा ते सात?" मी हो म्हटलं. बाकीचे जावई सासरी रुसतात, फुगतात, मान मागून घेतात. मी हो म्हणतो.

पंधरा दिवसांनी मामा मला डिंडोलीतल्या एका खोलीत घेऊन गेले. मी त्या घरात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होतो, पण माझं नाव माझ्या आधीच तिथे पोचलं होतं. भिंतीवर साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा खिळ्याला टांगलेला होता. त्यावर पट्टीने आखलेल्या रेघा, लाल-निळ्या पेन्सिलीची अक्षरं, आणि एका चौकटीत स्वच्छ लिहिलेलं होतं : 'बुधवार, सायं. ६ ते ७. बँकेचे जावई. गणित. (चहा देऊ नये. बोलत बसतात.)'

मामांचं सगळं चरित्र या एका पुठ्ठ्यात मावतं. मिलमध्ये असताना चार मिनिटं उशिरा आलेल्या कामगाराला ते चार मिनिटं उशिराच आलेला लिहायचे, आणि मालकाचा मेहुणा उशिरा आला तर त्यालाही. बढती का मिळाली नाही याचं कोडं घरात कुणालाच कधी पडलं नाही. लग्नाचं निमंत्रण असलं की ते आचाऱ्याच्या आधी पोचतात. आमच्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा घरातली सगळी मंडळी टॉवेलात होती. एकदा आमच्या गल्लीत एक आजोबा गेले. सगळे गंभीर चेहरे करून उभे असताना मामांनी मयताच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत प्रेमाने विचारलं, "किती वाजता निघायचं ठरवलंय? म्हणजे मी शाळेतल्या पोरांना तसं कळवतो." आता शाळेतल्या पोरांचा आणि या अंत्ययात्रेचा काय संबंध? तर मयताचा मुलगा मंगळवारी दोन पोरांना शाळेतून आणायचा. पुठ्ठ्यावर होता तो.

कारण निवृत्तीनंतर मामांनी हा एकच धंदा मांडला. डिंडोलीत आपल्या खानदेशातली माणसं खोली-खोलीत भरलेली. लूमवर बारा बारा तासांच्या पाळ्या. बाप दिवसपाळीला, आई कुठे धागे कापायला, नाहीतर बापाचा पत्ता नाही आणि आई आजारी. अशा घरात मामा चपला काढून सरळ आत शिरतात, भिंतीला टेकून बसतात आणि विचारतात, "पोर किती वाजता एकटं असतं?" पैसे देत नाहीत, ब्लँकेट देत नाहीत, उपदेशही फारसा देत नाहीत. फक्त चौकटी आखतात, आणि मग त्या चौकटी भरायला माणसं पकडतात. रिक्षावाला, पिठाच्या गिरणीवाला, समोरची गुजराती बाई, कंपाउंडर, मी. नाही म्हणायला वावच नसतो, कारण ते मदत मागतच नाहीत. ते फक्त तुम्ही कधी मोकळे असता एवढं विचारतात, आणि आपण किती कामात आहोत हे सांगायच्या नादात माणूस आपला एक मोकळा तास बोलून जातो.

या पद्धतीचा एकच कडक नियम आहे. पुढचा माणूस दारात दिसल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. "यंत्र चालू असताना जागा सोडत नसतात," असं मामा म्हणतात. आल्याची आणि गेल्याची वेळ पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहायची. जावई असलात तरी.

आता माझी दुसरी बाजू सांगतो. मी आमच्या कॉलनीच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. मंडळ गणपती बसवतं, हळदीकुंकू करतं आणि वर्षातून एकदा गरिबांचं भलं करतं. भलं करायचा दिवस शक्यतो रविवार असतो, कारण फोटोवाला रविवारी मोकळा असतो. एका वर्षी आम्ही डिंडोलीत वह्या वाटल्या. त्याच आठवड्यात आणखी दोन मंडळांनी वाटल्या. पायल नावाच्या दहा वर्षांच्या एका मुलीकडे एकोणीस वह्या झाल्या आणि त्यात लिहिताना शेजारी बसायला एकही माणूस नव्हता. हे वाक्य माझं नाही, मामांचं आहे. मंडळाच्या वार्षिक सभेत ते पाठीमागून मोठ्याने बोलले होते.

ही पायल म्हणजे सरलाची थोरली. धाकटी गुड्डी, चार वर्षांची. सरला घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. नवरा हजीऱ्याला कंत्राटी कामावर गेला आणि तिथून पुढे कुठे गेला हे त्याच्या बंद पडलेल्या मोबाइललाच माहीत. गेल्या वर्षी सरलाची पाठ धरली. तपासलं तर मणक्याला टीबी. ऑपरेशन आणि मग दोन महिने तरी दवाखान्यात. दोन पोरींचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या अध्यक्षांच्या कानावर आला आणि त्यांचा चेहरा उजळला. अध्यक्षांचं मन फार मोठं आहे. त्यात माइक आणि स्टँड दोन्ही मावतात. "मुलींना चांगल्या संस्थेत घालू," ते म्हणाले. "बाग आहे, गणवेश आहे, तीन वेळचं जेवण आहे. सेक्रेटरी, अर्ज भरा."

मी अर्ज भरला. माझं अक्षर चांगलं आहे, हे मला नको इतकं माहीत आहे. 'प्रवेशाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'घरी पाहणारे कोणी नाही.' सही घ्यायला सरलाकडे गेलो. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, टेकताही येत नव्हतं धड. तिने सही केली, कागद परत दिला आणि विचारलं, "भाऊ, मी बरी व्हयनू का, मन्या पोरी माले परत देतीन ना?"

माझ्यात बँकेचा अधिकारी पंचवीस वर्षं मुरलेला आहे. मी म्हणालो, "त्याची एक प्रोसेस असते."

मामांना हे कळलं तेव्हा अर्ज जाऊन चार दिवस झाले होते. ते घरी आले, अर्जाची माझ्याकडची नक्कल मागून घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "पाहणारे कोणी नाही. मोजलं होतं?"

"काय मोजायचं, मामा?"

"माणसं. गल्लीत फिरलात? मी आत्ता फिरून आलो. अकरा आहेत. आणि एक गावाकडे आहे."

गावाकडची म्हणजे सरलाची सासू, दोंडाईच्याच्या पुढच्या खेड्यात एकटी राहणारी. मुलगा परागंदा झाला तो सुनेच्या पायगुणाने, अशी तिची पक्की समजूत, त्यामुळे तीन वर्षं बोलणं बंद. मामा गाडीत बसले आणि थेट तिच्या अंगणात जाऊन खाटेवर बसले. म्हातारी पहिल्या दिवशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी बोलली ती मामांनी ऐकवण्यासारखी नाही असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते सम्दं खरं. पन मनी म्हैस कोन दखी?" झालं. मामांना प्रश्न माणसाचा असो की म्हशीचा, सारखाच. त्यांनी तिथल्या तिथे पुठ्ठा मागवला आणि म्हशीचं वेळापत्रक केलं. सकाळची धार कोण, संध्याकाळची कोण, पाण्यावर कोण नेणार. भावकीतल्या ज्या दोन घरांत बांधावरून भांडण होतं ती दोन्ही घरं त्यांनी एकाच म्हशीला लावली. म्हातारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा डोक्यावर घेऊन सुरतेत उतरली, ती नातींना पोटाशी धरण्याआधी मामांना म्हणाली, "म्हैसना कागद हरवशी तर दख."

सरला दवाखान्यात गेली आणि तिच्याही भिंतीवर पुठ्ठा चढला. म्हातारीला दिसायचं कमी, जिना उतरवायचा नाही. म्हणून सकाळी समोरच्या दारातल्या जसुबेन गुड्डीला अंगणवाडीत सोडायच्या, रिक्षावाला पायलला शाळेत. बुधवारी म्हातारीला घेऊन मामा दवाखान्यात जायचे, आणि ते सातला परत येईपर्यंत सहा ते सात मी; माझा बुधवार मामांनी आधीच्या घरातून इकडे हलवला होता. अपूर्णांक शिकवायचो. पायल हुशार होती. गुड्डी माझ्या चष्म्याची काडी चघळत बसायची.

पण आमचा अर्ज पुढे गेला होता, आणि सरकारदरबारी गेलेला अर्ज सुटलेल्या बाणासारखा असतो. प्रकरण मुलांच्या सरकारी समितीपुढे लागलं. एक बाई घर बघायला कधीही येतील, न सांगता. घरात पोरी सुरक्षित दिसल्या तर राहतील, नाही दिसल्या तर बाग आणि गणवेश. मामांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून एक मिनिटसुद्धा नाही." माझ्याकडे बघून नव्हे, सगळ्यांकडे बघून. मला मात्र ते माझ्याकडे बघूनच वाटलं, आणि वाटलं ते बरोबर होतं.

पुढच्याच बुधवारी मंडळाची सभा होती. सात वाजता. पावणेसातला अध्यक्षांचा फोन. "अहो कुठे आहात? बॅनर लागला, माणसं आली. ठराव तुमच्याशिवाय कोण वाचणार?" मी म्हटलं, सातपर्यंत निघता येणार नाही. ते म्हणाले, "अहो, दहा मिनिटांनी काय होतं?" मलाही वाटलं, दहा मिनिटांनी काय होतं. मी पायलला म्हणालो, "आजी येतेयच. दार लावून घे." सहा पन्नासला मी रिक्षात बसलो आणि सात वाजता माइकसमोर उभा राहून 'निराधार बालकांप्रती आपले कर्तव्य' हा ठराव खणखणीत आवाजात वाचला. टाळ्या पडल्या. हार अध्यक्षांना होता, पण माझ्याकडे बघून घातला गेला.

त्याच वेळी समितीच्या बाई जिना चढत होत्या. मामांची रिक्षा रेल्वेच्या पुलावर अडकली होती. दार उघडलं ते चार वर्षांच्या गुड्डीने. आत पायल गॅसवर दूध तापवत होती. मोठं माणूस एकही नाही. बाईंनी चार ओळी लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. मी शिव्या खायची तयारी करून बसलो होतो. मामा आयुष्यात कुणावर ओरडले नसतील, पण माझ्यासाठी अपवाद करतील अशी मला आशा होती. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सहा पन्नास." एवढंच. तुम्हाला कसं कळलं, हे विचारायची गरज नव्हती. पुठ्ठ्याच्या मागे माझ्या नावापुढे गेल्याची वेळ पायलने लिहून ठेवली होती. घड्याळ बघायला मामांनीच तिला शिकवलं होतं, आणि खोटं लिहायचं नसतं हेही.

समितीच्या कचेरीत आम्ही सगळे गेलो. म्हातारी, पोरी, जसुबेन, मामा, मी, आणि आपलं नाव कुठे येत नाही ना हे बघायला अध्यक्ष. आत जाताना अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "सांगा, आजी खाली किराणा घ्यायला गेली होती. कोण विचारतंय?" सल्ला व्यवहारी होता. माझी सगळी हयात अशाच सल्ल्यांवर गेली आहे.

बाईंनी कागद पुढे ओढला. "सात वागे घरे कोण हतुं?"

 पायल माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. तिने बघितलं असतं तर मी कदाचित किराणाच सांगितला असता.

"हुं हतो, बेन," मी म्हणालो. "वहेलो नीकळी गयो. दस मिनिट वहेलो."

"क्यां?"

"मीटिंगमां."

"शेनी मीटिंग?"

"निराधार बाळकोनी."

कोपऱ्यातला शिपाई आधी हसला. मग बाईंनी रुमाल तोंडाशी धरला. अध्यक्ष खिडकीबाहेर पाहू लागले. सुरतेत माझी एवढी शोभा माझ्या लग्नातही झाली नव्हती.

मामांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. एवढ्या आठवड्यांच्या सगळ्या पाळ्या, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा, आणि त्यात एकच भोक. "चूक पाळीची नाही, बेन," ते म्हणाले. "कामगाराची आहे. कामगार बदलू."

तेवढ्यात मागून जसुबेन म्हणाल्या, "पण हुं तो सामे ज बेठी'ती! दरवाजामांथी बधुं देखातुं'तुं. ए बेन आव्या ने, त्यारे ज उठती'ती."

"मग आत का नाही गेलात?" मामांनी विचारलं.

"मारो टाइम क्यां हतो, भाई? मारो तो सवारनो छे ने! तमे ज लख्युं छे."

 ज्या बाईने त्या दोन पोरींवर पुठ्ठा टांगण्याच्या कितीतरी आधीपासून लक्ष ठेवलं होतं, तिला मामांनी सकाळच्या एका तासात कोंडून टाकलं होतं, आणि ती बिचारी नियम मोडायचा नाही म्हणून उंबरठ्यावर बसून राहिली होती. चौतीस वर्षांच्या टाइमकीपरने खिशातून लाल पेन्सिल काढली. बाईंच्या टेबलावरच माझं नाव खोडलं. पुठ्ठ्याच्या कडेला, सगळ्या चौकटींच्या बाहेर लिहिलं, 'समोरचं दार : जसुबेन. केव्हाही.' आणि मग बुधवारच्या रिकाम्या चौकटीवर पेन्सिल टेकवून अध्यक्षांकडे वळले. "अध्यक्षसाहेब, तुम्ही बुधवारी सभा घेता म्हणजे मोकळेच असता."

बाईंसमोर अध्यक्षांना नाही म्हणता येईना.

बाईंनी पायलला जवळ बोलावलं, बराच वेळ तिच्याशी हळू आवाजात बोलल्या, म्हातारीला दोन प्रश्न विचारले आणि लिहिलं, पोरी आजीपाशी घरीच राहतील, आई येईपर्यंत दर आठवड्याला समितीची भेट. म्हातारीला मी अर्थ समजावून सांगितला. ती म्हणाली, "मंग येवढा येळ काय करी राहिनात?"

सरला दोन महिने आणि वर काही दिवसांनी घरी आली, पाठीला पट्टा बांधून. मी जाणार नव्हतो, माझं नाव खोडलेलं होतं. पण हिला राहवेना म्हणून ही गेली आणि हिला सोडायला म्हणून मी दारापर्यंत गेलो आणि बाहेरूनच बघत राहिलो. गुड्डी पहिली पाच मिनिटं आईजवळ गेलीच नाही, आजीच्या लुगड्यामागून बघत राहिली. मग येऊन तिने त्या पट्ट्यावर बोटाने टकटक करून पाहिलं, आणि आत आईच आहे याची खात्री झाल्यावर तिथेच पाय पसरून बसली. थोड्या वेळाने सरला भिंतीकडे बघून म्हणाली, "मामा, आते ते काढी ल्या."

मामांनी पुठ्ठा काढला. भिंतीवर खिळा राहिला, तोही उपटला. सगळे आत चहा घेत होते, आणि मामा तो पुठ्ठा छातीशी धरून जिन्याच्या वळणावर उभे होते. खाली उतरत नव्हते, वरही जात नव्हते. मी त्यांना ओलांडून खाली उतरलो तरी त्यांना कळलं नाही.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे सुरू झालो. म्हटलं, तुझे मामा आता नवं गिऱ्हाईक मिळेपर्यंत आजारी पडणार. एका पुठ्ठ्यासाठी माणूस एवढा हळवा होतो का? उद्या म्हशीचा पुठ्ठाही फ्रेम करतील. ही मेथी निवडत होती. एरवी माझ्या विनोदाला ही निदान 'पुरे' तरी म्हणते. आज जुडी संपवली, देठं बाजूला केली, आणि मग बोलली.

"मामा सात वर्षांचे असताना त्यांची आई, म्हणजे माझी आजी, आजारी पडली. माझ्या आईला तिच्या मावशीकडे ठेवलं आणि मामांना धुळ्याच्या वसतिगृहात घातलं, आजी बरी होईपर्यंत म्हणून. आजी चार महिन्यांत बरी झाली. मामा घरी आले अकरा वर्षांनी, मॅट्रिक होऊन. कोणी वाईट नव्हतं हो त्यात. आणायला जायची कुणाला सवड झाली नाही."